शुक्रवारचा कागद

रोज सकाळी यंत्राला एक प्रश्न विचारायचा आणि ते जे उत्तर देईल ते रजिस्टरात उतरवायचं, एवढं सोपं काम मला दिलं होतं. एका सोमवारी मी ते केलं नाही. त्यापायी येळवणे नावाच्या गावाला आठ दिवस पाण्याचा टँकर गेला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, आईलाही नाही. आता गुडघे गेले, सावेडीच्या ह्या फ्लॅटमध्ये बाल्कनीपर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागते, आणि ज्यांचं भय धरावं अशी माणसंही उरली नाहीत. तेव्हा सांगून टाकते. सजवून सांगणं मला कधी जमलं नाही, आणि ह्या बाबतीत ते शोभणारही नाही.

आम्ही तेव्हा माळीवाड्यात दोन खोल्यांत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, नेवाशाला शाळेत मास्तर होते. अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, म्हणून त्यांना इलाजाला नगरात आणलं, ते परत जायचं राहूनच गेलं. मी एकुलती एक. अण्णांचं अक्षर साऱ्या तालुक्यात नावाजलेलं होतं, आणि माझ्या बोटांवर पट्टी मारमारून त्यांनी ते माझ्या हातात उतरवलं होतं. झटक्यानंतर ते डाव्या हातानं पाटीवर लिहायचे, वाकडंतिकडं, बालवर्गातल्या पोरासारखं. स्वतःचं ते अक्षर बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मग ते रागानं पाटी पुसून टाकायचे. संध्याकाळी मी कामावरून आले की पाटीवर रोज एकच प्रश्न तयार असायचा, ‘आज काय झालं?’ मी हातपाय धुऊन त्यांच्यापाशी बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची, अगदी शिपायानं चहात साखर किती घातली इथपर्यंत.

पाऊस नसलेलं ते लागोपाठ दुसरं वर्ष होतं. बाजारात ज्वारी दिसेना, रेशनवर मिलो मिळायची, लालसर, बाहेरदेशाहून आलेली. तिची भाकरी थापताना कडेनं फाटायची, आणि खाताना घशात भुस्कट अडकल्यागत व्हायचं. आई त्यात मूठभर उडदाचं पीठ मिसळायची, तेवढं बरं लागायचं. अण्णांना ती भाकरी चावत नसे म्हणून त्यांच्यासाठी हुलग्याचं पातळ माडगं. त्या माडग्याचा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, माझ्या केसांनासुद्धा यायचा. नळ सकाळी अर्धा तास यायचा, कधी तोही नाही. आधी नळातून नुसती हवा सुटायची, सुस्कारे टाकल्यासारखी, आणि त्या आवाजासरशी साऱ्या गल्लीतल्या बायका हंडे घेऊन धावायच्या. मग हंड्यांची आदळआपट, ‘माझा नंबर’, ‘तुझा कसला नंबर गं भवाने’, रोज तेच. आई अण्णांपाशी लागायची, म्हणून रांगेत मी.

आणि तिथून मी जायची ती कुठे, तर थंडगार खोलीत. गावाबाहेर एक सरकारी केंद्र होतं, तिथे गणकयंत्र आलं होतं. जिल्ह्यात दुसरं नव्हतं. लोक त्याला नुसतं ‘यंत्र’ म्हणायचे आणि देवाधर्माच्या गोष्टी बोलावं तसं जरा आवाज खाली करून बोलायचे. चार कपाटांएवढं यंत्र, पुढे टेबल, टेबलावर टाईपरायटर. आपण त्यावर हुकूम टाईप करायचा, यंत्र त्याच कागदावर खडखड उलट उत्तर टाईप करायचं. यंत्राला उकाडा सोसत नाही म्हणून खोलीला गारवा करणारी मोठी मशीनं होती, आणि त्या मशीनांना पाणी लागायचं. त्या उन्हाळ्यात यंत्राच्या गारव्यासाठी आमच्या आवारात रोज एक टँकर येत होता. फाटकापाशी बाया घागरी घेऊन उभ्या असायच्या, पहारेकरी त्यांना हाकलायचा. ते बघत मी आत जायची. मला त्याचं वाईट वाटत होतं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटत होता.

मी लागले कार्डांना भोकं पाडायला, म्हणजे पंच ऑपरेटर म्हणून. अक्षर बघून केंद्राच्या साहेबांनी रजिस्टर माझ्याकडे दिलं आणि मला टाईपरायटरच्या टेबलावर बबनरावांच्या हाताखाली बसवलं. बबनराव शेळके पलटणीत सिग्नलवाले होते, तिथून सुटून इथे आलेले. सोनईच्या पलीकडे येळवणे त्यांचं गाव. बायको कौसाबाई आणि सहा वर्षांची मंदी गावी, ते इथे एकटे खोली करून. त्यांच्याइतका कामाला चोख माणूस मी पुढच्या सबंध नोकरीत पाहिला नाही. बोलणं मात्र सगळं गावाकडचं, आणि ते बदलावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

आता तो प्रश्न. यंत्र चालू केलं की आधी त्यात एक मूळ प्रोग्राम चढवायचा, तो बाकी सगळ्या कामांवर मुकादमी करायचा. आम्ही त्याला एक्झिक्युटिव्ह म्हणायचो. आजची पोरं त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. त्याच्या वेळोवेळी नव्या आवृत्त्या निघायच्या, त्यांना मार्क म्हणायचे: मार्क दोन, मार्क तीन. आपले प्रोग्राम ज्या मार्कासाठी लिहिलेले, तोच यंत्रात असायला हवा. म्हणून सकाळी पहिलं काम हे, की टाईपरायटरवर दोन अक्षरं मारून विचारायचं, बाबा रे, तू कुठला? यंत्र एक ओळ छापायचं. ती रजिस्टरात लिहायची, सही करायची, मगच कामाला लागायचं. मी आले तेव्हापासून उत्तर एकच, मार्क तीन. महिनाभरात मला कंटाळा आला. म्हटलं, बबनराव, हे रोज रोज काय विचारायचं? कालचाच तर आहे.

बबनरावांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाच्या मूर्तीला पाय लावला होता. म्हणाले, “ताई, पहाऱ्यावरचा शिपाई रोजच्या मानसालाबी इचारतो, कोन हाय? वळखीचा हाय म्हनून सोडून दिला, तर मग पहारा कशापायी? तुमी इचारायचं. यंत्रानं सांगितलं तेच लिवायचं. आपल्या मनाचं न्हाई.” मग चार महिन्यांनी सकाळचं विचारणं त्यांनी माझ्यावर सोपवलं. स्वतः फक्त माझी ओळ बघायचे आणि म्हणायचे, “रजिस्टर तुमच्या अक्षरात लई शोभून दिसतं.”

मंदीला मी एकदाच बघितलं. कौसाबाई तिला दवाखान्यात दाखवायला नगरात आली होती, येता येता दोघी केंद्रावर आल्या. मंदी काचेला गाल लावून उभी राहिली, थंड लागतं म्हणून हसली. मग बाहेर गारव्याच्या मशीनच्या नळीतून बादलीत थेंब थेंब पाणी पडायचं तिथे जाऊन बसली, ओंजळ भरेस्तोवर. मला विचारलं, “हे पानी कुनाचं?” मी म्हटलं, यंत्राचं. तिनं ओंजळीतलं पाणी पुन्हा बादलीत सोडलं, फुकटचं घेणं म्हणजे चोरी वाटल्यासारखं. बबनराव म्हणाले, “पी गं, यंत्राला कुठं तान लागतीया.” तेव्हा प्यायली. डोक्याला दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. एवढंच मला तिचं आठवतं, आणि ते रोज आठवतं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक नवं काम आलं. जिल्ह्यातल्या कुठल्या गावाला टँकरच्या किती खेपा द्यायच्या ह्याच्या तालुकावार याद्या दर पंधरवड्याला यंत्रावर काढायच्या ठरल्या. एका गावाचं एक कार्ड. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं गावं, त्यामुळे येळवणे नेवासा तालुक्याच्या यादीत अगदी शेवटी. यादी छापून झाली की कलेक्टर कचेरीतला माणूस येऊन घेऊन जाई. आमच्याकडे प्रत राहत नसे. कागदाचीही टंचाईच होती. दोन पंधरवडे नीट गेले. तिसऱ्या यादीच्या आधीच्या शनिवारी, मी घरी गेल्यावर, यंत्राच्या देखभालीचा इंजिनिअर पुण्याहून आला आणि एक्झिक्युटिव्हची टेप बदलून मार्क चारची घालून गेला. साहेबांना सांगून गेला म्हणे. साहेब रविवारी दौऱ्यावर निघाले, त्या गडबडीत सांगायचं विसरले.

सोमवारी सकाळी नळ आला तो उशिरा. रांगेत माझ्या पुढे सात बाया. दोन हंडे भरून घरी आणेपर्यंत नऊ वाजून गेले. सायकल हाणत केंद्रावर पोचले तर याद्यांचं काम तयार, बबनराव टेपा चढवून उभे, कचेरीतला कारकून बाकावर ताटकळत बसलेला. बबनरावांनी विचारलं, “झालं ना ताई?” मी रजिस्टर उघडलं, वरच्या ओळीकडे बघितलं आणि तशीच ओळ खाली लिहिली. मार्क तीन. सही केली. म्हटलं, झालं. एक मिनिटाचंसुद्धा काम नव्हतं हो ते विचारणं. त्या दिवशीची ओळ त्या पानावरची सगळ्यात सुबक ओळ आहे.

आमचा यादीचा प्रोग्राम मार्क तीनसाठी लिहिलेला होता. त्यात यादीच्या शेवटी उरलेली थोडी नावं आपोआप छापली जायची. मार्क चारला त्यासाठी वेगळा हुकूम द्यावा लागे, तो कुणी दिला नव्हता. त्यामुळे प्रत्येक तालुक्याच्या शेवटची नावं गळली, कुठे तीन, कुठे दोन, नेवाशाचं एकच. बाकीच्या गावांचे सरपंच दुसऱ्याच दिवशी जीप काढून कचेरीत जाऊन बसले, हातानं नाव घालून घेतलं, कारकुनाला शिव्या घातल्या आणि परत गेले. आमच्यापर्यंत त्यातलं काही आलं नाही. येळवणे म्हणजे साठ उंबऱ्यांचं गाव, जीप नाही, पुढारी नाही. नगरात त्यांचं म्हणावं असं एकच माणूस, आणि ते यंत्रापुढे बसलेलं.

शुक्रवारी बबनरावांना पोस्टकार्ड आलं. कौसाबाईनं गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. त्यांनी मलाच वाचून दाखवायला सांगितलं, चष्मा खोलीवर राहिला होता. ‘मंगळवारपासून टँकर येत नाही. तलाठी म्हणतात, यंत्राच्या यादीत गावाचं नाव नाही, माझ्या हातात काय आहे. तुम्ही तिथे आहात तर बघावे. जुन्या विहिरीच्या तळाचं पाणी आणतो, हिरवं आहे. गाळून घेतो. मंदी खुशाल आहे.’

बबनराव गडबडले नाहीत. उठून कार्डांच्या कपाटातून येळवण्याचं कार्ड काढलं, उजेडाला धरून एकेक भोक तपासलं. बरोबर होतं. मग रजिस्टर घेतलं, सोमवारची ओळ डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मार्क तीन. माझ्याकडे वळून विचारलं, “सोमवारी इचारलं हुतं ना ताई?”

मी म्हटलं, “हो तर.”

“मग यादी बरुबरच हाय. गाडी नादुरुस्त झाली आसंल. आन् तलाठी आमचा लई लबाड हाय, पैल्यापासून.” त्यांनी खिशातून कोरं पोस्टकार्ड काढलं आणि माझ्या टेबलावरच, माझ्या पेनानं उत्तर लिहिलं. ‘यादी मी जातीनं तपासली. बरोबर आहे. चार दिवस दम धरा.’ आणि ते टाकायला पेटीपर्यंत स्वतः गेले.

ते बाहेर पडले आणि मी टाईपरायटरपुढे बसले. दोन अक्षरं मारली. यंत्रानं खडखड ओळ छापली. मार्क चार. त्या गार खोलीत माझ्या पाठीवरून घाम ओघळला. मला सगळं लगेच कळलं, कळायला काही वेळ लागला असं म्हणायचीही सोय नाही. बबनराव आवाराच्या फाटकापर्यंतही पोचले नव्हते. खिडकी उघडून हाक मारली असती तर वळले असते. मी हाक मारली नाही. मी हंगामी होते, आणि साहेब दौऱ्यावरून येताना मला कायम केल्याचा हुकूम आणणार होते, शनिवारी. अण्णांच्या औषधांचं, घरभाड्याचं, आईच्या रात्रंदिवस चाललेल्या काळजीचं सगळं त्या एका कागदाला लोंबकळत होतं. खोटी नोंद केली म्हटल्यावर कोण कायम करतंय? मी मनाशी म्हटलं, उद्या. हुकूम हातात पडला की सांगू. एका दिवसानं काय होतंय?

संध्याकाळी टाईपरायटरचा दिवसभराचा कागद फाडून खिळ्याच्या दोऱ्यात ओवून ठेवायची पद्धत होती. तो मीच ओवला. माझा प्रश्न आणि यंत्राचं उत्तर त्यावर होतं. फाडून चुलीत घालावा असं मनात आलं, पण त्या कागदांकडे कधी कुणी ढुंकून बघत नसे.

शनिवारी हुकूम आला. साहेब हसून म्हणाले, “झालात कायम, आता पेढे द्या.” आणि मी तोंड उघडलं ते त्यांचे आभार मानायला. घरी आईनं देवापुढे गुळाचा खडा ठेवला, तोच फोडून तिघांनी खाल्ला. अण्णांनी पाटीवर ‘शाबास’ लिहिलं आणि ते पुसलं नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत पाटी तशीच उशाशी ठेवली. रविवारी सुट्टी. मी न्हाले, केस वाळवले, दुपारी झोपलेसुद्धा. हे लिहिताना मला माझीच किळस येते, पण झोपले होते हे खरं.

सोमवारी बबनराव आले नाहीत. किसन शिपाई म्हणाला, “त्यांच्या पोरीला जुलाब-उलट्या सुरू झाल्यात म्हनं. काल सकाळच्याला गावचा मानूस आला हुता न्यायला.” मी टाईपरायटरवर दोन अक्षरं मारली, उत्तर आलं, ते रजिस्टरात व्यवस्थित लिहिलं, मार्क चार, सही केली आणि धावत साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, साहेब, यंत्रात मार्क चार आलाय, आत्ताच बघितलं, मागच्या याद्या चुकल्या असणार. आत्ताच. हा शब्द मी वापरला. साहेबांचा चेहरा उतरला, इंजिनिअरनं सांगितलेलं त्यांना तेव्हा आठवलं असावं. पुण्याला ट्रंककॉल, धावपळ, दुपारपर्यंत नव्या याद्या छापून कचेरीत गेल्या. तिथून तालुक्याला, तालुक्याहून टँकरवाल्याला. येळवण्याला टँकर गेला बुधवारी. चौकशी झाली ती कागदोपत्री. आधीच्या सोमवारी सकाळी विचारलं तेव्हा यंत्रानं मार्क तीनच सांगितलं, असं मी लिहून दिलं, आणि साहेबांनी त्यावर ‘यंत्रातील अनपेक्षित बदल’ असा शेरा मारला. मला दक्षतेबद्दल प्रशंसापत्र मिळालं. टाईप केलेलं, शिक्क्याचं.

गुरुवारी बबनराव कामावर आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. कुणाची काही विचारायची हिंमत झाली नाही. मी उभी राहिले. ते माझ्याकडे न बघता भिंतीपाशी गेले आणि खिळ्यावरचा कागदांचा दोरा उतरवला. आपण पाठवलेलं कार्ड खरं होतं की खोटं, हे त्यांना बघायचं असणार. चष्मा लावला. मागच्या आठवड्यातल्या सोमवारचा कागद काढला, वरून खालपर्यंत बोट फिरवलं. त्यावर प्रश्नच नव्हता. निदान मंगळवारी तरी विचारलं असेल असं वाटलं असावं, मंगळवारचा काढला. बुधवारचा. गुरुवारचा. त्या दिवसांतही मी विचारलं नव्हतं, एकदा सवय मोडली ती मोडलीच. कागदाची ती फडफड अजून माझ्या कानात आहे. मग शुक्रवारच्या कागदावर बोट थांबलं. ते पुष्कळ वेळ तिथेच राहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. मला वाटलं, मारतील तर बरं.

त्यांनी तो कागद दोऱ्यातून हलकेच सोडवला, फाटू न देता, आणि माझ्यापुढे रजिस्टरवर ठेवला.

“शुक्रवारी इचारलं हुतं तुमी,” ते म्हणाले.

मी त्या कागदावरची माझी ओळ बघितली.

“मंदी रविवारी गेली.”

एवढंच. आवाजही चढवला नाही. मग साहेबांकडे जाऊन त्यांनी भांडारात बदली मागून घेतली, कारण सांगितलं की गार हवा सोसत नाही. साहेबांनी लगेच दिली. माझ्याबद्दल ते साहेबांशी बोलले नाहीत, कुणाशीच बोलले नाहीत. मी दिवसचे दिवस वाट बघितली, पण बोलावणं आलं नाही. त्यांनी मला माफ केलं असं मी तरुणपणी धरून चालले. सोयीचं होतं ते. आता तसं वाटत नाही. माझी ओळ उघडी पाडायची तर ‘चार दिवस दम धरा’ हे त्यांचं कार्डही कौसाबाईपुढे उघडं पडलं असतं. कार्ड त्यांनी माझ्या ओळीवर भरवसा ठेवून लिहिलं होतं, हे त्या माऊलीला सांगून काय होणार होतं? भांडार आणि आमची खोली ह्यांच्यामध्ये एकच व्हरांडा. तीन वर्षं आम्ही त्यात समोरासमोर येत राहिलो. ते मला वाट द्यायचे. ‘ताई’ म्हणून हाक मात्र त्यांनी पुन्हा कधी मारली नाही.

त्या संध्याकाळी घरी गेले तर पाटीवर नेहमीचं लिहिलेलं होतं, आज काय झालं? मी म्हटलं, काही नाही. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाटी पालथी ठेवली आणि कुशीवर वळले. त्यानंतर ते सहा वर्षं जगले, पण तो प्रश्न त्यांनी पुन्हा लिहिला नाही. त्यांना काय कळलं होतं, किती कळलं होतं, देव जाणे. जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं होतं, सांगावं म्हणून. आई पाणी घेऊन आली आणि राहिलं.

मी निवृत्त झाले ती वरच्या हुद्द्यावर. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आज कुठे कुठे आहेत, त्यांची पत्रं येतात, मॅडम तुम्ही शिस्त लावली म्हणून. दोनदा सोनईला लग्नाला जावं लागलं. दोन्ही वेळा येळवण्याचा फाटा आला तसे मी डोळे मिटून घेतले. नात घरी येते तेव्हा तिचा लॅपटॉप मी मागते, काळी खिडकी उघडून व्ही, ई, आर अशी तीन अक्षरं मारते, आणि ते आपली आवृत्ती सांगतं ती वाचते. नात हसते. “आजी, कालच तर विचारलंस!” मी म्हणते, हो गं, सवय आहे. कपाटात प्रशंसापत्राखाली शुक्रवारचा तो कागद आहे. शाई फिकी पडली आहे, पण वाचता येतं. रजिस्टर केव्हाच रद्दीत गेलं असेल, म्हणून त्यातली नोंद मी इथेच दुरुस्त करते. अक्षर आता थरथरतं, त्याला इलाज नाही.

सोमवार. विचारले नाही.
शुक्रवार. विचारले. मार्क चार. सांगितले नाही.
रविवार. मंदा बबन शेळके, येळवणे. वय सहा.